सिझरचा टाका परत परत पिकूलाय, कुणाला अनुभव आहे काय?

खानापूरची_थोरली
नमस्कार सगळ्यांना. धाकट्या बहिणीसाठी विचारूलेय. पहिलंच बाळंतपण, कळा देऊन देऊन बराच वेळ गेला, पाणी आधीच गेलेलं, शेवटी सिझर करावं लागलं. बाळ छान आहे. टाके काढून माहेरी आणलं तेव्हा सगळं व्यवस्थित होतं, मग थोड्या दिवसांत डाव्या कोपऱ्याला लाल झालं, हात लावला की गरम लागायचं आणि एके सकाळी साडीला डाग. डॉक्टरनी गोळ्या दिल्या, सुकलं. गोळ्या संपल्या आणि परत तिथंच फुगलं. मग दुसऱ्या गोळ्या, जास्त पॉवरच्या म्हणे, परत सुकलं, आणि आता परत त्याच जागी बारीक भोक पडून पू येऊलाय. दीड महिना होत आला.
घरी आईनं भात बंद केलाय कारण भातानं पू होतो, ताक लिंबू टोमॅटो बंद कारण आंबट, डाळ वातूळ म्हणून तीपण बंद. भाकरी तूप आणि शेपू एवढ्यावर चाललंय. दोन वेळा शेगडी धुरी. त्यात पाऊस असा की कपडे वाळतच नाहीत. ती रडते, म्हणते माझं अंगच नासकं आहे. दूध पाजते, एवढ्या गोळ्या चालतात काय? आणि दाखवू कुठं, बेळगावला का सरळ मिरजेला नेऊ?

वडगावकरीण
अगं माझंपण असंच झालेलं गे. वरून मिटायचं, आतून परत यायचं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरनी बघितलं तर आत टाक्याची गाठ राहिलेली, ती चिमट्यानं काढली आणि विषय संपला. एकाच जागी परत परत येतंय म्हणतेस ना, मग अंग नासकं कसं असेल, त्या जागेलाच काहीतरी आहे.

उचगावचा_शेतकरी
दगडी पाला चोळून रस लावा. आमच्याकडं खुरपं लागलं कोयता लागला की हेच, दोन दिवसांत खपली धरते. इंग्रजी गोळ्यांनी नुसती उष्णता वाढते.

टिळकवाडी_आज्जी
हळद आणि साजूक तूप गरम करून लावायचं बाळा. माझी चार बाळंतपणं झाली, कधी पू बघितला नाही.

वडगावकरीण
आज्जी तुमची चारही घरात झाली असतील, पोट कुठं फाडलेलं 😄

टिळकवाडी_आज्जी
होय की, ते खरं.

निवृत्त_सिस्टर
थोरली, मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, नोकरी बहुतेक प्रसूती वॉर्डातच गेली. डॉक्टर नव्हे हे आधीच सांगते, तेव्हा हे वाचून दवाखाना टाळू नका.

पहिलं, आज रात्रीच तपासायचं ते. ताप १०० पॉइंट ४ च्या वर आहे काय, थंडी वाजून येते काय, लाली भोकापासून पसरत चालली आहे काय, टाका उघडतोय काय, खालून जाणाऱ्याला घाण वास आहे काय, ओटीपोट दाबलं की जीव जातो काय. यातलं एक जरी असलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा नाहीतर गाडी करून निघा. पोटरी एकाच पायाची सुजून दुखत असेल किंवा दम लागत असेल तर तो टाक्याचा प्रश्न नाही पण तोही तितकाच तातडीचा, बाळंतिणीत रक्ताची गाठ होते.

यातलं काही नसेल तर तुझा प्रश्न वेगळा आहे. सिझरला आपल्याला वरची एक रेघ दिसते पण खाली कातडं, चरबी, स्नायूवरचा जाड पडदा, पोटाचा आतला पडदा आणि मग गर्भाशय असे थर असतात. वरचं कातडं आठवड्या-दोन आठवड्यांत जुळतं. चरबीला रक्तपुरवठा कमी, तिथं पाणी किंवा रक्त साचून राहिलं की जंतूंना आयतं घर. मग वरून मिटलं तरी आतला कप्पा तसाच. गोळ्या घेतल्या की जंतू दबतात, सोडल्या की परत. त्या कप्प्यात औषध नीट पोचतच नाही, म्हणून पॉवर वाढवून उपयोग होत नाही. कप्पा मोकळा करावा लागतो, टाक्याचा धागा असला तर तो काढावा लागतो.

म्हणून डॉक्टरला तीन गोष्टी विचार. एक, पुवाचं कल्चर, म्हणजे पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, झालंय काय? झालं नसेल तर आता परत गोळ्या सुरू करायच्या *आधी* घ्यायला सांग. दोन, त्या जागेची सोनोग्राफी, आत साचलंय काय बघायला. तीन, शुगर आणि हिमोग्लोबिन.

कळा खूप वेळ चालून, पाणी जाऊन मग सिझर झालं ना, अशा बायकांत टाका पिकण्याचं प्रमाण तसंही जास्त असतं. तिचा दोष काही नाही, एवढं तिला आजच सांग.

खानापूरची_थोरली
ताप नाही, वास थोडा येतो पण पुवाचाच, खालून काही नाही. कल्चर कुणी केलेलं नाही. शुगर सातव्या महिन्यात ते ग्लुकोजचं पाणी पाजून बघतात त्यात थोडी जास्त आली होती, गोड बंद करा म्हणाले होते. बाळंतपणानंतर कुणी बघितली नाही, ती आपोआप जाते म्हणाले.

निवृत्त_सिस्टर
बघ, हेच विचारणार होते. बहुतेकींची जाते, सगळ्यांची नाही. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट करायची असते, उपाशीपोटी एकदा आणि प्याल्यावर दोन तासांनी. आपल्याकडं बाळंतीण त्या वेळी माहेरी, फाईल सासरी, टेस्ट राहूनच जाते. उपाशीपोटी १२६ किंवा वर आली तर ती शुगरच, आणि शुगर जास्त असली की जखम भरत नाही, कल्चर कितीही करा. आणि तुमच्याकडं डिंकाचे लाडू चालू असतील ना गूळ घालून?

खानापूरची_थोरली
रोज दोन 🙈

निपाणीवाली
मध्येच बोलतेय, राग मानू नका. तुमची बहीण मिश्री लावते काय?

खानापूरची_थोरली
लावते. लग्नाआधीपासून. आता बाळंतपणात तर जास्तच, तोंडाला चव नाही म्हणून दिवसातनं तीन-चार वेळा. त्याचा टाक्याशी काय संबंध?

निपाणीवाली
आमच्या गावात तंबाखूचं काय ते सांगायला नको, घरात वखार आणि शेजारी बिड्या वळणाऱ्या बायका, मिश्री म्हणजे दात घासायची पावडर असंच आम्ही धरून चाललेलो. माझ्या जावेचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जननी पहिला प्रश्न हाच केला. भाजली तरी तंबाखूच आहे, हिरडीतनं निकोटीन रक्तात जातं, बारक्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि टाक्याला रक्त कमी पोचतं. ते दुधातनं बाळालापण जातं. "तंबाखू खाता काय" विचारलं की आमच्या बायका नाही म्हणतात आणि ते खोटंही नसतं त्यांच्या लेखी, मिश्रीचं नाव घेऊन विचारावं लागतं. जावेनं कशी सोडली ते सांगते, लवंग आणि भाजलेली बडीशेप दाताखाली धरायची, आणि सकाळी ब्रश करून लगेच काहीतरी खायचं म्हणजे डबीकडं हात जात नाही. पहिले दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, घरच्यांनी ऐकून घ्यावं.

निवृत्त_सिस्टर
निपाणीवाली, शाबास. हे आमच्या केसपेपरवर कधी लिहून यायचं नाही.

गडहिंग्लज_पावणा
बायकांच्या धाग्यावर येतोय पण आमच्या मिसेसचं गेल्या वर्षी झालं म्हणून लिहितो. आम्हाला घरी ड्रेसिंग जमेना, रोज कंपाउंडर दोनशे रुपये घ्यायचा. शेवटी मीच शिकलो. जखम धुवायला काय वापरायचं यावर घरात तीन मतं होती, डेटॉल, स्पिरीट आणि ते फेस येणारं औषध. खरं काय?

निवृत्त_सिस्टर
दादा तुम्ही शिकलात हे फार बरं केलं. डेटॉल, स्पिरीट, फेसाचं हायड्रोजन पेरॉक्साइड, तिन्ही उघड्या जखमेत घालायचे नाहीत. जंतू मारतात तसं नवं येणारं मांसपण जाळतात. दवाखान्यातलं सलाईनचं पाणी सगळ्यात चांगलं. हात साबणानं धुऊन, बांगड्या मागं सारून, मगच पट्टी उघडायची. बिटाडीन डॉक्टरनी सांगितलं असेल तेवढे दिवस लावा, पण उघड्या जखमेवर आठवडेच्या आठवडे लावू नका, पाजणाऱ्या आईच्या अंगात त्यातलं आयोडीन शिरतं आणि दुधातनं बाळाच्या थायरॉईडला त्रास होऊ शकतो.
टाका मिटलेला असेल तर मात्र एवढं सोवळं लागत नाही. पहिले एक-दोन दिवस पट्टी, मग रोज आंघोळ, साधा साबण आणि पाणी वरून वाहू द्यायचं, घासायचं नाही, स्वच्छ फडक्यानं टिपून कोरडं करायचं. टाका ओला होईल म्हणून आंघोळच बंद ठेवतात तिथं जास्त पिकतं.
दगडी पाला, हळद, तूप, राख, पावडर काही नको. शेतातल्या पाल्याला माती असते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, खुरप्याच्या ओरखड्यावर चाललं म्हणून पोटाच्या भोकात चालत नाही. शेतकरी दादा, वाईट वाटून घेऊ नका.

उचगावचा_शेतकरी
नाही वाईट वाटलं. पण भाताचं तरी खरं आहे काय? आमची आईपण हेच म्हणते.

अनगोळची_डाएटवाली
भाताचं मी सांगते, माझं कामच ते. भातानं पू होत नाही, आंबटानं होत नाही, डाळीनं तर नाहीच. पू जंतूंनी होतो. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपण बाळंतिणीच्या पानातनं नेमकी डाळच काढतो. लिंबू आवळा बंद केला की क जीवनसत्त्व गेलं, त्याच्याशिवाय नवं कातडं विणलंच जात नाही. थोरली, तुझ्या बहिणीला रोज दोन अंडी चालतात काय? चालत नसतील तर घट्ट वरण, मोडाची मटकी, हुलग्याचं माडगं, दूध, दही, शेंगदाणे, नाचणी. मासे खात असाल तर बांगडा उत्तम. भाकरी तूप शेपू वाईट नाही पण एवढ्यावर जखम भरत नाही गे, तूप पुष्कळ आहे आणि प्रथिन नाहीच. भात शुगरमुळं बेतानं खायचा, पुवामुळं नव्हे. लाडू बंद, निदान रिपोर्ट येईपर्यंत. आळीव दुधात शिजवून बिनगुळाचा द्या.
आणि रक्ताच्या गोळ्या. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, आशा आणून देतात, त्या बहुतेक कपाटात असतात. चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. बघा लिंबू परत आलं 😀

टिळकवाडी_आज्जी
आणि शेक? शेकाशिवाय बाळंतीण कशी उठायची?

निवृत्त_सिस्टर
आज्जी कंबर शेका, पाय शेका, टाक्यावर नको. सिझरनंतर टाक्याभोवतीचं कातडं कित्येक महिने बधिर असतं कारण बारीक नसा कापलेल्या असतात. गरम पिशवी ठेवली तर भाजतंय हे तिला कळतच नाही. टाका सुकून मग भाजून फोड घेऊन आलेल्या बाळंतिणी मी वॉर्डात बघितल्यात. धुरीनं घाम येतो, तो पोटाच्या घडीत टाक्यावर मुरतो, शिवाय धूर त्या खोलीत बाळाच्याही छातीत जातो. पट्टा बांधत असाल तर उठण्याबसण्यापुरता, रात्री काढा, आणि ओला झाला की बदला.

जांबोटीकर_वैनी
थोरली कपड्यांचं मी सांगते, आमच्याकडं जूनपासून गणपतीपर्यंत काही वाळत नाही. आतले कपडे आणि बाळाची लंगोटं चुलीवर दोरी बांधून वाळवतो, पण धुराचा वास आणि दमटपणा राहतोच, त्याला इस्त्री फिरवायची, दोन्ही बाजूंनी, शिवणीवर जास्त. आणि आतला कपडा सुती, कमरेच्या वरपर्यंत येणारा, इलास्टिक टाक्यावर बसणार नाही असा. झोपल्यावर पोटाची घडी उचलून मोकळी ठेवायची, फडकं मध्ये घालून ठेवलं तर ते दर दोन तासांनी बदलायचं. मला घडीत बुरशी झालेली, खाज सुटायची आणि मी टाका पिकला समजून घाबरलेले, ती मलमानं गेली.

चिकोडीचा_लॅबवाला
कल्चरबद्दल. लॅबमध्ये कामाला आहे म्हणून. पट्टीवरचा पू पुसून आणू नका, त्यात कातडीवरचे जंतू येतात. जखम सलाईननं धुऊन आतला पू सुईनं ओढून घेतलेला चांगला. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो, कुठला जंतू आणि कुठल्या औषधाला ऐकतो कुठल्याला नाही. एस म्हणजे ऐकतो, आर म्हणजे नाही ऐकत. सध्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्यांपुढं आर दिसतं, अर्धवट सोडलेले कोर्स हे त्यातलं एक कारण.
आता एक महत्त्वाचं. कल्चर निल आलं, म्हणजे काहीच उगवलं नाही, आणि जखम तरी वाहतेच आहे, तर निल आलं म्हणून घरी बसू नका. टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले काही जंतू असतात, पाण्यात राहतात, अवजारं नीट निर्जंतुक झाली नाहीत तर जखमेत जातात, तीन-चार आठवड्यांनी किंवा त्यानंतरही डोकं वर काढतात. साध्या कल्चरला सापडतीलच असं नाही आणि साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. त्यासाठी एएफबी स्टेन (हे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी) आणि वेगळं कल्चर सांगावं लागतं, औषध काही महिने चालतं. क्वचित असतं, पण परत परत येणाऱ्या जखमेत विचारायला हवं. मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये सोय असते, बेळगावात बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

गोकाकची_मीच
मला सहा महिने झाले, पू नाही काही नाही पण टाक्याच्या टोकाला गाठ आहे आणि पाळी आली की तीच दुखते, बाकी महिनाभर काही नाही. हेपण इन्फेक्शन काय?

निवृत्त_सिस्टर
नाही वाटत. पाळीबरोबर दुखणारी गाठ असेल तर गर्भाशयाच्या आतलं अस्तर टाक्यात रुजलेलं असू शकतं. अँटिबायोटिक खात बसू नकोस, स्त्रीरोगवाल्यांना नेमकं हेच वाक्य सांग, पाळीला दुखते म्हणून. सोनोग्राफीत दिसतं.

शहापूर_पेठ
मला तर सिझरचीच भीती बसलीये. २०२४ च्या नोव्हेंबरात बळ्ळारीत सिझरनंतर बाळंतिणी गेल्या ना. आता सरकारी दवाखान्यात जायचं का नाही?

निवृत्त_सिस्टर
तिथं संशय सलाईनच्या बाटल्यांवर होता, टाक्यांवर नव्हे, दोन्ही एकात घालू नका. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा योजनेत सिझर, औषधं, तपासण्या, रक्त मोफत आहे आणि सिझरनंतर सात दिवस जेवण. थोरली, खाजगीत सिझर झालं म्हणून सरकारीत घेत नाहीत असं नाही, ताई कार्ड (कर्नाटकात गरोदरपणात मिळतं ते) आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. मिरजेला नेलंस तरी माझी ना नाही, आपल्याकडची जुनी माणसं सर्दीलासुद्धा मिरज म्हणतात, पण ड्रेसिंग रोजचं असतं, एवढा प्रवास बाळाला घेऊन रोज कोण करणार. जवळ कुठंतरी सर्जन बघ जो स्वतः हातानं जखम उघडून बघेल.

खानापूरची_थोरली
सगळ्यांना अपडेट देते. बेळगावला सर्जनना दाखवलं. सोनोग्राफीत कोपऱ्यात थोडं साचलेलं दिसलं. जागा बधिर करून उघडलं, वडगावकरीण तुझं तोंड गोड होऊ दे, आतनं काळ्या धाग्याची गाठ निघाली. शिवलं नाही, उघडंच ठेवलंय, रोज गॉज भरतात, आतून भरत वर येईल म्हणाले. शुगर उपाशीपोटी १४० च्या आसपास आली, फिजिशियनकडं पाठवलंय. कल्चरमध्ये स्टॅफ नावाचा जंतू आलाय, आधीच्या दोन्ही गोळ्यांपुढं आर, आता रिपोर्ट बघून दिल्यात. मिश्रीची डबी आईनं स्वतः लपवली, आधी दोघींची भांडणं झाली कारण आईपण लावते. भात सुरू केलाय थोडा, आई बघूलीय पू वाढतोय काय 😅
प्रश्न दोन आहेत, भोक एवढं मोठं झालंय बघून तिला चक्कर येते, आधीपेक्षा वाढलं असं वाटतंय. आणि पाजू की नको?

निवृत्त_सिस्टर
उघडल्यावर मोठं दिसणारच, विहिरीतला गाळ काढायचा तर तोंड मोकळं ठेवावं लागतं. वरून लवकर मिटलं असतं तर परत तेच झालं असतं. तळाला लालसर दाणेदार मांस दिसलं की समजायचं भरतंय, ते ड्रेसिंगला थोडं रक्ताळतं, घाबरायचं नाही. पांढरं-पिवळं बुळबुळीत वाढलं, काळं पडलं किंवा ताप आला तर लगेच दाखवा. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी चालते काय ते डॉक्टरना विचारून ठेव, पॅरासिटामॉलला सहसा हरकत नसते.
पाजू दे. टाका पिकला म्हणून दूध नासत नाही. नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक पाजताना चालतात, फक्त लिहून देणाऱ्यांना पाजते हे माहीत पाहिजे, काही गोळ्यांना दुसरा पर्याय द्यावा लागतो. बाळाला शी पातळ झाली किंवा तोंडात पांढरे चट्टे आले तर सांगा. बाळ पोटावर न घेता कुशीत आडवं झोपवून, नाहीतर बगलेखालून घेऊन पाजायचं. आणि बाळापेक्षा जड काही उचलू नको, पाण्याची घागर दादांनी भरायची.

गडहिंग्लज_पावणा
भरतो सिस्टर, आमच्या घरी तरी अजून मीच भरतो.

कंग्राळी_आठवा_महिना
मी पहिल्यापासून सगळं वाचतेय, माझं पुढच्या महिन्यात सिझर ठरलंय, बाळ आडवं आहे. आधी काय विचारून घेऊ?

निवृत्त_सिस्टर
शुगर आणि हिमोग्लोबिन आत्ता करून घे, हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्ताच इलाज, महिना आहे हातात. कातडं कापायच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचा डोस देतात काय ते विचार, तो एक डोस नंतरच्या पाच दिवसांच्या गोळ्यांपेक्षा मोलाचा. आदल्या रात्री आणि सकाळी साबणानं आंघोळ. घरी रेझर लावू नको, बारीक चिरा पडतात आणि त्यातनंच जंतू शिरतात, काढायचेच असले तर दवाखान्यात मशीननं काढतात. मांडीला, पोटाला कुठं गळू, खरूज असेल तर आधी दाखव. टाके विरघळणारे का काढायचे ते कागदावर लिहून घे. घरी गेल्यावर, बाळ जन्मल्यापासून सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी आशाताई येतात, बाळाबरोबर टाकापण बघा म्हणून तूच सांग.

कंग्राळी_आठवा_महिना
रेझरचं बरं सांगितलं, सासूबाईंनी आणून ठेवलाय. मिश्री मी नाही लावत.

निपाणीवाली
आणि सासूबाई?

कंग्राळी_आठवा_महिना
त्या लावतात. पण सिझर माझं आहे वैनी 😄